उभी राहिली की बंद पडणारी गाडी

सिग्नलला थरथरणारे, मिसिंग करणारे आणि ऐन वेळी बंद पडणारे जुने इंजिन म्हणजे घरच्यांच्या डोक्याला कायमचा ताप. पण त्याचे कारण बहुतेक वेळा स्वस्त आणि हाताशी असते. ते क्रमाने कसे शोधावे?

सिग्नल लाल होतो. गाडी थांबते. ॲक्सिलरेटरवरून पाय निघतो आणि इंजिनाला कापरे भरते. स्टिअरिंग थरथरते, आरशातले चित्र हलू लागते, डॅशबोर्डवरचा गणपती डोलू लागतो. सिग्नल हिरवा झाला म्हणून पहिला गिअर टाकावा, तोच एक आचका देऊन गाडी बंद! मागून हॉर्नचा गलका, घाईघाईने चावी फिरवणे, कशीबशी सुरुवात आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच. ज्यांच्या दारात वीस-पंचवीस वर्षांची गाडी उभी आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही.

अशा गाड्या आजही अनेक घरांत आहेत. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटून गेली. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० आणि तिच्याही आधीपासूनची ॲम्बेसेडर, या दोघींचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तरीही कुणाच्या वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून घेतलेली, कुणाच्या लग्नाची वरात जिच्यातून निघाली अशी, तर कुणी नवी परवडत नाही म्हणून जुन्या बाजारातून आणलेली गाडी अजून रोजच्या कामाला जुंपलेली असते. तिने चौकात साथ सोडली, तर प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. तो पैशाचा आणि जिवाचाही होतो.

गाडी बंद पडू लागली की सहसा काय होते? ती कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये जाते. मेकॅनिक बॉनेट उघडतो, पेचकसाने एक स्क्रू पाव फेरा फिरवतो, इंजिनाचा आवाज चढतो आणि थरथर कमी होते. मालक खूश. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच तक्रार, पुन्हा पाव फेरा. मग कुणीतरी सुचवतो, कार्ब्युरेटरच बदला. तो बदलल्यावरही गाडी बंद पडतेच. स्क्रू फिरवून रेस वाढवणे म्हणजे तापलेल्या मुलाला नुसती ताप उतरवणारी गोळी देणे. ताप उतरतो, पण दुखणे आत राहते. शिवाय वाढवलेल्या रेसमुळे पेट्रोल जास्त जळते ते वेगळेच.

उभ्या गाडीचा हिशेब

दुखणे नेमके गाडी उभी असतानाच का जाणवते, हे आधी समजून घेतले पाहिजे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनात हवा नेणारी झडप जवळजवळ बंद होते. इंजिन अगदी थोड्या हवेवर आणि थोड्या पेट्रोलवर, मिनिटाला साधारण ८०० ते ९५० फेरे घेत राहते. या स्थितीला गॅरेजच्या भाषेत आयडलिंग म्हणतात. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरच्या इंजिनात ९०० फेऱ्यांना मिनिटाला १३५० ठिणग्या पडाव्या लागतात, म्हणजे सेकंदाला बावीसहून अधिक. त्यातल्या काही जरी चुकल्या तरी इंजिन अडखळते, कारण एवढ्या कमी वेगात त्याच्या अंगी चुकलेला ठोका सावरून नेण्याइतका जोर नसतो.

हवेचेही तसेच. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. गाडी पळत असताना इंजिन इतकी हवा ओढत असते की फुटक्या नळीतून शिरणारी चिमूटभर हवा त्यात कुठल्या कुठे जाते. पण आयडलिंगला एकूण हवाच थोडी. तिथे तीच चिमूट भारी पडते. म्हणूनच हायवेवर छान पळणारी गाडी टोलनाक्यावर रांगेत उभी राहिली की रडू लागते. ‘पळते तेव्हा काही त्रास नाही हो’ हे वाक्य मेकॅनिकला सांगणे फार उपयोगाचे असते. त्यातून निम्मे निदान होते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. तीन सिलिंडरचे इंजिन चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा मुळातच थोडे जास्त थरथरते. तसेच इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, ते रबर कडक झाले किंवा फाटले, तर इंजिन नीट चालत असूनही हादरा थेट आत बसलेल्यांपर्यंत पोहोचतो. बॉनेट उघडून आवाज ऐकावा. ठोके एकसारखे पडत असतील आणि तरी गाडी हलत असेल, तर दोष माउंटिंगचा. ठोका मधूनच चुकत असेल, तर पुढे वाचावे.

आधी गाडीला प्रश्न विचारा

चांगला डॉक्टर तपासण्या लिहून देण्याआधी विचारतो, कधीपासून दुखते, केव्हा दुखते, काय केले की बरे वाटते? गाडीच्या बाबतीतही पाना हाती घेण्यापूर्वी आठवडाभर निरीक्षण करावे आणि ग्लोव्ह बॉक्समधल्या छोट्या वहीत नोंद ठेवावी. गाडी घरात दोघे-तिघे चालवत असतील, तर प्रत्येकाने लिहावे.

सकाळी इंजिन थंड असतानाच त्रास होतो का? मग संशय चोक, अशक्त ठिणगी किंवा टॅपेट यांच्यावर. गाडी तापल्यावरच बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते का? मग कॉइल किंवा पेट्रोलची वाफ. फक्त पावसात? मग प्लगच्या वायर आणि डिस्ट्रिब्युटरचे टोपण. एसी लावला की? मग एसीचा भार पडताच फेरे वाढवणारी यंत्रणा किंवा मुळातच कमी ठेवलेले आयडलिंग. ब्रेक दाबला की? मग ब्रेक बूस्टरची नळी. टाकी भरल्यानंतर? मग पेट्रोलमध्ये पाणी किंवा गाळ. आणि नुकतेच गॅरेजमधून आल्यावर सुरू झाले असेल, तर तिथे ज्या भागाला हात लागला त्याच्या आसपास निसटलेली नळी किंवा सैल वायर आधी शोधावी.

दुसरा नियम म्हणजे एका वेळी एकच बदल करावा. प्लग, पॉइंट, फिल्टर आणि नळ्या एकाच दिवशी बदलल्या आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. न सुधारली, तर पैसे तर गेलेच, शिवाय नव्या भागांपैकीच एखादा सदोष निघाला की गुंता वाढतो. तिसरा नियम, स्वस्त आणि सोपे आधी, महाग आणि अवघड नंतर. कार्ब्युरेटरचे स्क्रू तर सगळ्यात शेवटी.

ठिणगीची परीक्षा

सुरुवात प्लगपासून करावी. इंजिन पूर्ण थंड असताना प्लग काढावेत आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात राहील असे ओळीने मांडावेत. टोकाचा रंग बिस्किटासारखा किंवा राखाडी असेल, तर त्या सिलिंडरची तब्येत बरी. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे. काळे आणि तेलकट असेल, तर इंजिन ऑइल वर चढते आहे. पांढरेफटक असेल, तर हवा जास्त, पेट्रोल कमी किंवा इंजिन फार तापते आहे. पेट्रोलने ओला असेल, तर त्या प्लगला ठिणगीच मिळत नसावी. तिन्ही-चारही प्लग सारखेच खराब असतील, तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या भागात. एकच वेगळा असेल, तर दोष त्याच सिलिंडरपुरता. हे साधे तर्कशास्त्र बराच वृथा खर्च वाचवते.

जुन्या पेट्रोल गाड्यांत प्लगच्या टोकांमधली फट साधारणपणे ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात. पॉइंट असलेल्या गाडीत सीबी पॉइंटची फट ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा आणि फिलर गेजनेच मापावा, अंदाजाने नव्हे. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिसला, तर नुसते घासून भागत नाही. शेजारचा कंडेन्सर निकामी झालेला असू शकतो. तो स्वस्त असतो, पॉइंटबरोबर बदलून टाकावा.

वायरची परीक्षा अंधारात होते. रात्री इंजिन सुरू करून बॉनेट उघडावे. प्लगच्या वायरवरून किंवा टोपणावरून निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या, तर वीज वाटेतच गळते आहे. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत किंवा कोलकात्यात सकाळी रुसणाऱ्या गाड्यांचे हेच दुखणे असते. डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावे. आतल्या बाजूला केसासारखी काळी रेघ दिसली, तर ती चीर असते. पुसून जात नाही, टोपणच बदलावे लागते.

कुठला सिलिंडर काम करत नाही, हे शोधण्याची जुनी रीत म्हणजे इंजिन सुरू ठेवून एकेका प्लगची वायर क्षणभर काढणे. वायर काढल्यावर इंजिन आणखी अडखळले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर आळशी तोच. पण या वायरमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो. हे काम इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने आणि जाणत्या माणसानेच करावे. इंजेक्शनच्या किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या गाडीत तर ही रीत वापरूच नये. तिथे कॉइल बिघडते आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

चोरून शिरणारी हवा

ठिणगी ठीक असेल, तर पुढचा संशय नळ्यांवर. इंजिनाच्या मॅनिफोल्डला अनेक बारीक रबरी नळ्या जोडलेल्या असतात. काही ब्रेक बूस्टरकडे जातात, काही डिस्ट्रिब्युटरकडे, काही इंजिनातली वाफ परत ओढून घेण्यासाठी. वीस वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते आणि नळीच्या टोकाशी, जिथे ती घट्ट बसलेली असते नेमके तिथे, तडकते. वरून पाहिले तर धड दिसते. प्रत्येक नळी वाकवून, टोकाशी चाचपून पाहावी.

कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधले गॅस्केटही असेच दगा देते. तपासणी सोपी आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून जोडावर आणि नळ्यांच्या टोकांवर ब्रशने थोडे साबणाचे पाणी लावावे. इंजिनाचा सूर क्षणभर बदलला, तर तिथूनच हवा शिरते आहे. पाणी वायरवर आणि डिस्ट्रिब्युटरवर उडू देऊ नये. काही जण यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा वापरतात. तापलेल्या इंजिनावर ज्वालाग्राही फवारा म्हणजे आगीला आमंत्रण. ते टाळावे.

ब्रेक बूस्टरची खूण वेगळीच असते. उभ्या गाडीत ब्रेक दाबल्यावर फुस्स असा आवाज येऊन इंजिनाचे फेरे बदलत असतील, तर बूस्टर किंवा त्याची नळी फुटलेली आहे. हा दोष नुसता गाडी बंद पाडत नाही, ब्रेकही जड करतो. तो उद्यावर टाकू नये.

पेट्रोलची वाट

टाकीपासून इंजिनापर्यंतची वाट आता पाहू. सुरुवात टाकीच्या झाकणापासून. काही जुन्या गाड्यांत झाकणातल्या बारीक छिद्रातून टाकीत हवा जाते. ते बुजले, तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. दहा-वीस किलोमीटरनंतर गाडी बंद पडते, थोड्या वेळाने सुरू होते. अशा वेळी झाकण उघडताच जोरात हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला, तर निदान झालेच.

नंतर पेट्रोल फिल्टर. बऱ्याच गाड्यांत तो पारदर्शक असतो. तळाशी गंज किंवा पाण्याचे थेंब दिसले, तर तो बदलावा आणि टाकीही साफ करून घ्यावी. एअर फिल्टर धुळीने भरला असेल तर इंजिन गुदमरते आणि पेट्रोल जास्त जाते. चोकची केबल अडकून चोक अर्धवट ओढलेला राहिला, तरी तेच. धूर काळा येतो आणि ॲव्हरेज घसरते.

इंजिन तापलेले असताना एक छोटी चाचणी करता येते. आयडलिंगला चोक किंचित ओढावा. थरथर कमी झाली, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे, म्हणजे आयडलिंगचा जेट तुंबला आहे किंवा कुठून तरी हवा चोरून शिरते आहे. थरथर वाढली, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. फ्लोटची सुई नीट बसत नसावी किंवा फ्लोटची पातळी चुकली असावी. जेट तुंबला असेल तर तो काढून हवेच्या झोताने साफ करावा. त्यात तार घालू नये. छिद्र केसभर मोठे झाले तरी हिशेब कायमचा बिघडतो.

अनेक कार्ब्युरेटरवर आयडलिंगचे पेट्रोल सोडणारा आणि तोडणारा एक विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो. त्याची वायर सैल झाली की गाडी रेस दिल्यावर चालते, पाय काढला की तात्काळ बंद. इंजिन बंद ठेवून नुसती चावी चालू करावी आणि ती वायर काढून पुन्हा लावावी. ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. नाही आला, तर आधी वायर पाहावी. एका सैल वायरपायी अख्खा कार्ब्युरेटर बदलल्याचा फटका असाच बसतो.

उन्हाळ्यात, घाट चढताना किंवा रहदारीत तापून बंद पडणाऱ्या पद्मिनी आणि ॲम्बेसेडर अनेकांना आठवत असतील. इंजिनाच्या उष्णतेने नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. त्यावर ड्रायव्हर मंडळी पंपावर ओले फडके ठेवत. हा उपाय अडाणी नव्हे, शास्त्रशुद्धच होता. पण तापल्यावर बंद पडण्याचे दुसरे कारण म्हणजे इग्निशन कॉइल. ती तापली की ठिणगी मरते आणि गार झाली की जिवंत होते. दोन्हींची लक्षणे हुबेहूब सारखी. मग फरक कसा करावा? गाडी बंद पडल्यावर इंजिन बंदच ठेवून एअर फिल्टरचे झाकण काढावे आणि ॲक्सिलरेटरची केबल हाताने ओढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहावे. पेट्रोलची बारीक चिळकांडी दिसली, तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आहे, मग संशय कॉइलवर. चिळकांडी नाही, तर पेट्रोल पोहोचतच नाही. या वेळी जवळपास विडी-सिगारेट पेटलेली नसावी, हे सांगायला नको.

बदललेले पेट्रोल

या गाड्या ज्या पेट्रोलसाठी बनल्या, ते आता पंपावर राहिलेले नाही. २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. पुढे इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले. २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर पोहोचले, २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या मापाने इंजिनाला मिश्रण थोडे विरळ पडते आणि आयडलिंग लडखडू शकते. जुन्या काळातल्या रबरी नळ्या, पंपाचे पडदे आणि गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा मऊ होतात. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला थर सुटून फिल्टरमध्ये येतो. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते.

उपाय घाबरण्यासारखे नाहीत. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे बसवून घ्यावेत. फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावा. महिनोन् महिने गाडी उभी राहणार असेल, तर तिच्यात जुने पेट्रोल साचू देऊ नये. पावसाळ्यात झाकणाचे रबर तपासावे. आणि हे सर्व झाल्यावर मिश्रणाचा स्क्रू नव्याने जुळवून घ्यावा.

इंजेक्शनच्या गाड्या

२००० च्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आले. या गाड्याही आता जुन्या झाल्या आहेत. त्यांच्यात आयडलिंगचा स्क्रू फिरवण्याचा प्रश्नच नसतो, ते काम कॉम्प्युटर करतो. इथे पहिला संशय थ्रॉटल बॉडीत साचलेल्या काजळीवर आणि आयडलिंगची हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर घ्यावा. दोन्ही योग्य क्लीनरने साफ करता येतात. त्यानंतर हवेचा दाब आणि पाण्याचे तापमान मोजणारे सेन्सर, त्यांची सैल झालेली कनेक्शने, गंजलेल्या अर्थच्या वायर आणि अशक्त बॅटरी. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागत असेल, तर आधी स्कॅनर लावून नोंद वाचून घ्यावी. मात्र स्कॅनरने एखाद्या सेन्सरचे नाव दाखवले म्हणजे तोच बिघडला असे नव्हे. फुटक्या नळीतून हवा शिरली, तरी ओरड सेन्सरच करतो. घरात धूर कशाचा झाला ते न पाहता धुराची सूचना देणारी घंटाच बदलावी, तसे ते होईल.

इंजिनच थकले असेल तर

ठिणगी, हवा आणि पेट्रोल, तिन्ही ठीक असूनही एक सिलिंडर आळशी राहिला, तर प्रश्न इंजिनाच्या आतला आहे. एक घरगुती खूण म्हणजे आयडलिंगला सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरावी. ती एका लयीत बाहेर ढकलली गेली पाहिजे. मधूनमधून आत ओढली जात असेल, तर एखादा व्हॉल्व्ह जळलेला असू शकतो.

खात्री मात्र कॉम्प्रेशन गेजनेच होते. इंजिन गरम असताना सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एकच फार कमी असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही, तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. त्याआधी टॅपेटची फट मात्र मापून घ्यावी. फट फार कमी असेल, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आयडलिंग बिघडते आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. ‘टॅपेटचा आवाज बंद करून द्या’ असा आग्रह म्हणूनच धरू नये. किंचित वाजणारा टॅपेट गप्प बसलेल्यापेक्षा बरा.

पीयूसीची चिठ्ठी वाचा

प्रत्येक गाडीत एक फुकटचा रिपोर्ट पडलेला असतो. तो कुणी वाचत नाही. ती म्हणजे पीयूसीची चिठ्ठी. जुन्या पेट्रोल गाडीच्या चिठ्ठीवर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन असे दोन आकडे असतात. २००० पूर्वीच्या चारचाकी गाड्यांसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे. चोक, फ्लोट, एअर फिल्टर पाहावे. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन जास्त असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळताच बाहेर पडते आहे. ठिणगी किंवा हवेची गळती पाहावी. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर ही चाचणी करून घेतली, तर काम खरेच झाले की नुसती रेस वाढवली, हे कागदावर दिसते. मात्र त्यासाठी नळी प्रत्यक्ष सायलेन्सरमध्ये घातलेली असली पाहिजे, खिडकीतून चिठ्ठी हातात देणारा उपयोगाचा नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘ट्यूनिंग करा’ एवढेच सांगू नये. वहीतली नोंद दाखवावी आणि काय तपासायचे ते ठरवून घ्यावे. काढलेले जुने भाग परत मागावेत. कार्ब्युरेटर दुरुस्त करणारे जुने कारागीर कमी होत आहेत, पण सुटे भाग अजून मिळतात. दिल्लीचे काश्मिरी गेट, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट हे बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहेत. भाग घेताना जुना नमुना सोबत न्यावा.

रस्त्यात बंद पडली तर

हे सगळे करण्यामागे खरे कारण सुरक्षिततेचे आहे. बूस्टर असलेल्या गाडीचे इंजिन बंद पडल्यावर एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागतो, नंतर पेडल दगडासारखे होते. ब्रेक गेलेला नसतो, पण पायाला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते. म्हणून उतारावर गाडी बंद पडली, तर ब्रेकवर वारंवार पंपासारखा पाय मारू नये. एकदाच घट्ट दाबून धरावा, गाडी कडेला घ्यावी, हँडब्रेक लावावा आणि चारही इंडिकेटर सुरू करावेत. चावी काढू नये, चालत्या गाडीत स्टिअरिंग लॉक होऊ शकते. रेल्वे फाटक ओलांडताना किंवा घाटात बंद पडू शकणारी गाडी ‘चालतेय ना’ म्हणून चालवत राहणे हा धोका आहे, आणि गाडीत मुले-म्हातारी माणसे असली तर तो त्यांच्याही वाट्याला येतो.

बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून कधीही तपासणी करू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो कळण्याच्या आतच माणूस बेशुद्ध पडतो. पेट्रोलचा वास येत असेल, तर चावी न फिरवता आधी गळती शोधावी. सैल कपडे, ओढणी, पदर आणि लोंबणाऱ्या साखळ्या फिरत्या बेल्टपासून दूर ठेवाव्यात.

इतके सगळे करूनही कॉम्प्रेशनच गेले असेल, खर्च गाडीच्या किमतीपलीकडे जात असेल आणि पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणात ती बसत नसेल, तर तिला निरोप देण्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय गेजवरचा आकडा पाहून घ्यावा, चौकात हॉर्न खाऊन आलेल्या रागात नव्हे. एका तडकलेल्या नळीपायी धडधाकट इंजिन भंगारात गेले, तर नुकसान घराचेच. आणि झिजलेल्या इंजिनाचा स्क्रू दर महिन्याला पाव फेरा फिरवत राहिले, तर तेही घराचेच. जुनी गाडी आपली तक्रार आवाजाने, थरथरीने, धुराच्या रंगाने सांगत असते. येत्या रविवारी सकाळी इंजिन थंड असतानाच बॉनेट उघडावे आणि पहिल्या प्लगपासून सुरुवात करावी.